यंत्राने घोडा उतरवला तेव्हा

दोन खेळाडूंच्या ताकदीत फार अंतर असेल तर त्यांनी पटावर बसायचं कसं, याचं उत्तर बुद्धिबळाने फार पूर्वीच शोधून ठेवलं आहे. वरचढ खेळाडूने डाव सुरू होण्याआधीच आपला एखादा मोहरा उतरवून बाजूला ठेवायचा. बापाने पोराशी खेळताना वजीर उतरवावा, जाणत्याने नवख्याशी खेळताना हत्ती किंवा घोडा. समोरच्याला जिंकण्याची खरी संधी मिळते आणि उतरवणाऱ्यालाही डोकं चालवावं लागतं. गावच्या पारावर रुळलेली ही रीत गेल्या वीस वर्षांत जगातल्या सर्वांत बलाढ्य बुद्धिबळ-यंत्रांनी उचलली. आता घोडा यंत्र उतरवतं आणि समोर ग्रँडमास्टर बसतो. हा बदल कसा घडला आणि त्यात घड्याळाने केवढी मोठी भूमिका बजावली, ती कथा मराठीत फारशी सांगितली गेलेली नाही. ती सांगायला हवी, कारण गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडसारख्या गावात मोबाइलवर खेळणाऱ्या पोरापोरींशीही आज तिचा थेट संबंध आहे.

युरोपात अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात सवलतीचा डाव हाच रोजचा डाव होता. पॅरिसच्या काफे द ला रेजाँसमध्ये पैसे लावून खेळ चाले आणि सवलत ठरल्याशिवाय कोणी पटाला हात लावत नसे. सवलतींची एक उतरंडच होती. सर्वांत लहान सवलत एका प्याद्याची. हे प्यादे राजाकडच्या उंटापुढचं असे आणि सवलत देणारा काळ्या सोंगट्या घेई. तेच प्यादे निवडण्यामागे कारण होतं: डावाच्या आरंभी त्या घराला फक्त राजाचा जोर असतो. प्यादे गेलं की राजाच्या अंगावर थेट वाट उघडते. त्याच्या वरची पायरी म्हणजे तेच प्यादे आणि वर समोरच्याला लागोपाठ दोन चाली. मग घोडा, मग हत्ती, आणि अगदीच नवख्याला वजीर.

फ्रान्सचा देशापेल हा त्या काळचा मोठा मानी खेळाडू. बरोबरीने खेळणं त्याला कमीपणाचं वाटे. प्यादे आणि दोन चाली दिल्याशिवाय तो सहसा बसत नसे. १८२१ मध्ये सँ-क्लू इथे त्याने ही सवलत ज्यांना दिली त्यांत जॉन कॉक्रन हा ब्रिटिश खेळाडू होता. हाच कॉक्रन पुढे वकिलीसाठी कोलकात्याला आला. १८४८ च्या सुमारास तिथल्या क्लबच्या एका सभासदाला कळलं की आतल्या मुलखात एक ब्राह्मण आहे आणि त्याला कधी कोणी हरवलेलं नाही. तो महेशचंद्र बॅनर्जी. आपल्या देशी नियमांत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. त्या सवयीने महेशचंद्र प्यादी हळूहळू पुढे आणत, उंट कडेने बसवत आणि मध्य दुरून ताब्यात घेत. कॉक्रन त्यांच्याशी शेकडो डाव खेळला. बुद्धिबळातल्या बचावांना आज जी ‘इंडियन’ नावं आहेत त्यांच्या मुळाशी हे डाव आहेत. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. पॅरिसमध्ये सवलत घेऊन खेळलेला माणूस इथे आला आणि त्याला तोडीचा खेळाडू सापडला तो राजधानीत नव्हे, खेड्यात.

अमेरिकेचा पॉल मॉर्फी १८५९ मध्ये युरोप जिंकून परतला तेव्हा त्याच्याशी बरोबरीने खेळण्याजोगं कोणी उरलंच नव्हतं. न्यूयॉर्कच्या जेम्स थॉम्पसनशी तो घोडा उतरवून सामना खेळला आणि जिंकला. पुढे स्पर्धा वाढल्या, घड्याळ आलं, क्रमवारी आली, आणि सगळ्यांना सारखे मोहरे हाच एकमेव नियम झाला. विसाव्या शतकात सवलतीचा डाव जवळपास नाहीसा झाला. जपानी बुद्धिबळात, म्हणजे शोगीत, तो शिकवण्याची मुख्य पद्धत म्हणून टिकून राहिला. या शोगीचा एक धागा पुढे येणार आहे.

मधल्या काळात यंत्रं आली. त्यांनी विश्वविजेत्यावर पहिला विजय मोहऱ्यांच्या जोरावर मिळवला नाही, तो घड्याळाच्या जोरावर मिळवला. मे १९९४ मध्ये म्युनिकच्या अतिजलद स्पर्धेत, जिथे खेळाडूला पूर्ण डावाला पाच मिनिटं मिळतात, फ्रिट्झ हा प्रोग्रॅम विश्वविजेत्या कास्पारोवच्या बरोबरीने पहिल्या स्थानावर आला. कास्पारोवने निर्णायक डावांत त्याला मागे टाकलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनला पंचवीस मिनिटांच्या जलद डावांत चेस जीनियस या प्रोग्रॅमने कास्पारोवला स्पर्धेबाहेर काढलं. लांब वेळेच्या डावात मात्र तोच कास्पारोव १९९६ मध्ये फिलाडेल्फियाला डीप ब्लू या महासंगणकाविरुद्ध ४-२ जिंकला.

वेगाचा हा फरक सर्वांत स्वच्छ दिसला तो आपल्या विश्वनाथन आनंदच्या सामन्यात. जुलै १९९८, इटलीचं इस्किया बेट. समोर एड श्र्योडर या डच माणसाचा रेबेल हा प्रोग्रॅम, तोही पर्सनल कॉम्प्युटरवर चालणारा. एकूण आठ डाव, तीन वेगवेगळ्या वेगांत. चार अतिजलद डावांत रेबेल ३-१ ने जिंकला. पंधरा मिनिटांच्या दोन डावांत तो दीड विरुद्ध अर्ध्याने जिंकला. आणि चाळीस चालींना दोन तास असलेल्या दोन डावांत आनंदने त्याला दीड विरुद्ध अर्ध्याने हरवलं. माणूस तोच, यंत्र तेच, आठवडाही तोच. फक्त घड्याळ बदललं आणि निकाल उलटला. एकूण गुण ५-३ असे रेबेलच्या बाजूने गेल्यामुळे वर्तमानपत्री आठवणीत आनंद हरला एवढंच उरतं. माझ्या मते त्या सामन्याचा खरा ऐवज ते दोन लांब डाव आहेत.

त्यापुढची दहा वर्षं माणसाची पीछेहाट भराभर झाली. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला डीप ब्लूने कास्पारोवला साडेतीन विरुद्ध अडीचने हरवलं. २००२ मध्ये बहरीनला विश्वविजेत्या क्रामनिकने डीप फ्रिट्झ या प्रोग्रॅमशी ४-४ बरोबरी साधली. २००५ मध्ये लंडनला हायड्रा या यंत्राने ग्रँडमास्टर मायकेल अ‍ॅडम्सला साडेपाच विरुद्ध अर्धा असं लोळवलं. २००६ च्या अखेरीस बॉनला क्रामनिक डीप फ्रिट्झकडून ४-२ हरला. दुसऱ्या डावात एका चालीतली मात त्याच्या नजरेतून सुटली. आता लांब घड्याळही माणसाला वाचवत नव्हतं. बरोबरीच्या लढतीला अर्थ उरला नाही.

इथे लॅरी कॉफमन या अमेरिकन माणसाने जुनी रीत परत आणली. १९४७ चा जन्म, बुद्धिबळात पुढे २००८ चा ज्येष्ठांचा विश्वविजेता, आणि शोगीतही पाश्चात्त्य जगातला नावाजलेला खेळाडू. शोगीमुळे सवलतीचा डाव त्याच्या रोजच्या सरावातला होता. १९९९ मध्ये त्याने असंख्य डावांची छाननी करून मोहऱ्यांचं मोल नव्याने मांडलं होतं: प्यादे एक धरलं तर घोडा आणि उंट प्रत्येकी सव्वातीन, हत्ती पाच, वजीर पावणेदहा, आणि दोन्ही उंट हातात असतील तर अर्ध्या प्याद्याची भर. रिब्का हा त्या वेळचा अव्वल प्रोग्रॅम. त्याच्या जडणघडणीत कॉफमन सामील झाला आणि यंत्र माणसाला नेमकं किती देऊ शकतं, हे मोजायला निघाला.

मार्च २००७ मध्ये रिब्काने ग्रँडमास्टर यान एल्वेस्टला आठ डावांत प्रत्येकी एक प्यादे दिलं, आणि तरीही साडेपाच विरुद्ध अडीचने जिंकलं. पुढच्या वर्षी रोमन झिंझिखाशविलीला राजाकडच्या उंटापुढचं ते जुनं प्यादे दिलं तेव्हा सामना ४-४ सुटला. त्याच वर्षी ग्रँडमास्टर वादिम मिलोवशी मिश्र सामना झाला: काही डाव बिनसवलतीचे, काही प्याद्याचे, काही एक्स्चेंजचे, म्हणजे यंत्राने आपला हत्ती देऊन समोरच्याचा फक्त हलका मोहरा उतरवलेला. मिलोव साडेचार विरुद्ध साडेतीनने जिंकला. आणि पूर्ण घोडा दिल्यावर रिब्काला ग्रँडमास्टरपेक्षा खालच्या दर्जाच्या जॉन मायरने चारही डावांत हरवलं. मोजमाप हाती आलं होतं: त्या काळी एक प्यादे म्हणजे ग्रँडमास्टरशी जवळपास बरोबरी, आणि घोडा फार जास्त.

रिब्काचा शेवट चांगला झाला नाही. दुसऱ्या प्रोग्रॅममधला भाग उचलल्याच्या ठपक्यावरून २०११ मध्ये त्याची विश्वविजेतेपदं काढून घेण्यात आली. कॉफमन तोवर डॉन डेली यांच्याबरोबर कोमोडो हा नवा प्रोग्रॅम घडवत होता. डेली २०१३ मध्ये वारले. मार्क लेफ्लर यांनी त्यांची जागा घेतली.

जानेवारी २०१६ मध्ये कोमोडोसमोर हिकारू नाकामुरा बसला. जगातल्या पहिल्या दहांतला खेळाडू आणि झटपट डावांचा बादशहा. चार डाव, प्रत्येकाला पंचेचाळीस मिनिटं आणि दर चालीला पंधरा सेकंदांची भर. आधी दोन डावांत यंत्राने एकेक प्यादे सोडलं, तिसऱ्यात एक्स्चेंज. तिन्ही डाव बरोबरीत सुटले. चौथ्या डावाची सवलत वेगळी होती: सगळे मोहरे पटावर, पण नाकामुराने आरंभीच लागोपाठ चार चाली फुकट खेळायच्या. ऐकायला ही सवलत प्रचंड वाटते. नेमका हाच डाव तो हरला आणि सामना दीड विरुद्ध अडीचने गेला. यातून जे कळतं ते कुठल्याही खेळाडूने गाठीला बांधावं असं आहे. फुकट मिळालेल्या चालींचा फायदा टिकवायचा तर प्रत्येक पुढची चाल अचूक हवी. थोडी ढिलाई झाली की तो विरून जातो. उतरवलेला मोहरा मात्र शेवटपर्यंत पटाबाहेरच राहतो.

एप्रिल २०२० मध्ये, जग घरात कोंडलेलं असताना, ऑस्ट्रेलियाचा ग्रँडमास्टर डेव्हिड स्मर्डन कोमोडोशी सहा डाव खेळला. सवलत पूर्ण घोड्याची, वेळ पंधरा मिनिटं अधिक दर चालीला दहा सेकंद. स्मर्डन ५-१ ने जिंकला. स्मर्डन पेशाने अर्थशास्त्राचा अभ्यासक. नाकामुराच्या जवळपासही त्याची क्रमवारी नाही. तरी घोड्याची सवलत आणि विचाराला पुरेसा वेळ एकत्र आल्यावर यंत्राला काही करता आलं नाही.

यंत्र घोडा देऊन खेळताना कुठे कमी पडत होतं, हे समजून घेतलं तर पुढची उडी कळते. जुन्या धाटणीचं यंत्र असं धरून चालतं की समोरचाही आपल्याइतकाच अचूक खेळणार. घोडा कमी असताना त्याला सगळ्याच वाटा हरण्याच्या दिसतात, आणि त्यांतली सर्वांत कमी तोट्याची म्हणून ते कित्येकदा मोहऱ्यांची मारामारी स्वीकारतं. माणसाला तेच हवं असतं. पट रिकामा होत गेला की जादा घोड्याचं वजन वाढत जातं. वरचढ माणूस सवलत देताना असं कधीच करत नाही. तो मोहरे राखून ठेवतो, डाव गुंतागुंतीचा करतो, समोरच्याच्या चुकीची वाट पाहतो. कोमोडोत ही वृत्ती थोडीफार बाहेरून घातलेली होती. ती यंत्राला आतून शिकवली लीलाने.

२०१७ च्या डिसेंबरमध्ये अल्फाझीरो या प्रोग्रॅमने स्वतःशीच खेळून बुद्धिबळ शिकल्याची बातमी आली. त्याच धर्तीवर २०१८ मध्ये लीला हा प्रकल्प उभा राहिला. तो कोणा एका कंपनीचा नव्हता. जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या संगणकांची ताकद देऊ केली आणि लीला स्वतःशी डाव खेळत शिकत गेली. पुढे तिच्या खास सवलतीच्या आवृत्त्या तयार झाल्या: एक घोडा उतरवून खेळणारी, एक हत्ती, एक चक्क वजीर. त्या त्या मोहऱ्याविनाच खेळून त्या तयार झालेल्या असल्यामुळे मारामारी टाळणं, जागा दाबून धरणं, माणसाला अवघड प्रश्न घालत राहणं त्यांच्या अंगी मुरलं आहे. गेल्या काही वर्षांपासून लिचेस या मोफत संकेतस्थळावर त्या कोणाशीही खेळायला बसतात. घोडा उतरवलेल्या लीलाने झटपट डावांत ग्रँडमास्टरांनाही हरवलं आहे. वजीर उतरवलेली लीला चांगल्या क्लब खेळाडूंना घाम फोडते.

पण इथेही निकाल घड्याळावर फिरतो, आणि त्याचा हिशेब कागदावर मांडता येतो. साठ चालींचा डाव धरा. एका मिनिटाच्या डावात चालीला एक सेकंद मिळतो. तीन मिनिटं अधिक दोन सेकंद या वेळेत चालीला पाच सेकंद. पंधरा अधिक दहा, जी स्मर्डनची वेळ होती, त्यात पंचवीस सेकंद. नाकामुराच्या पंचेचाळीस अधिक पंधरात पूर्ण एक मिनिट. पाच सेकंदांत माणूस ओळखीच्या आकारावर चाल खेळतो. ओळख चुकली की घोडा गेला, सवलत संपली. पंचवीस सेकंदांत तो एकदा तपासून पाहू शकतो: माझ्या कुठल्या मोहऱ्याला जोर नाही, समोरच्याला शह कुठून देता येतो, ही मारामारी मला परवडते का. एक मिनिटात हे सगळं दोनदा होतं. यंत्राला पाच सेकंद आणि एक मिनिट यांत फरक पडतो, पण माणसाइतका नाही. ते एका सेकंदातच हजारो स्थिती चाळून बसलेलं असतं. म्हणून मोहऱ्याची सवलत आणि वेळेची सवलत वेगळ्या मोजता येत नाहीत. तीन मिनिटांच्या डावातला घोडा आणि पंधरा मिनिटांच्या डावातला घोडा यांची किंमत एक नाही. दर चालीला सेकंदांची भर घालणारं घड्याळ ही बॉबी फिशरची कल्पना; १९८० च्या दशकाच्या शेवटी त्याने तिचं पेटंट घेतलं. यंत्राशी खेळणाऱ्या माणसावर त्याचे मोठे उपकार आहेत असं मी मानतो.

हे सगळं सौंदडला बसून का लिहावं? सडक अर्जुनी तालुक्यातलं हे गाव गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचं. इथल्या मुलाला चांगल्या स्पर्धेसाठी साकोली, लाखनी, भंडारा ओलांडून नागपूर गाठावं लागतं. आणि नागपूर आज बुद्धिबळाचं मोठं ठाणं आहे. रौनक साधवानी २०१९ मध्ये वयाच्या तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. संकल्प गुप्ता २०२१ मध्ये झाला. दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. त्या अंतिम सामन्यातही घड्याळच निर्णायक ठरलं होतं. कोनेरू हंपीशी लांब वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि लढत पंधरा मिनिटं अधिक दहा सेकंदांच्या डावांवर आली. हंपी ही जलद बुद्धिबळाची दोन वेळची विश्वविजेती. तरी दुसऱ्या जलद डावात काळ्या सोंगट्यांनी दिव्या जिंकली. त्या वेळेत शांत डोक्याने पंचवीस सेकंद वापरायला शिकणं म्हणजे काय, हे तिने विदर्भाला दाखवलं.

नागपूरच्या मुलांना प्रशिक्षक आहेत, स्पर्धा आहेत, तोडीचे सोबती आहेत. झाडीपट्टीतल्या मुलाला हे सगळं रोज मिळत नाही. पण ग्रँडमास्टरला झुंजवणारी लीला त्याच्या हातातल्या मोबाइलवरही फुकट बसलेली आहे. पूर्ण ताकदीच्या यंत्राशी खेळून मूल फक्त हरतं आणि कंटाळतं. यंत्राला मुद्दाम कमकुवत केलं तर ते मधूनच माणूस करणार नाही अशा बाळबोध चुका करतं, आणि त्यातून चुकीचं शिक्षण होतं. मोहरा उतरवलेलं यंत्र मात्र प्रत्येक चाल मनापासून खेळतं. चूक कुठे झाली ते लगेच दाखवतं, आणि तरी जिंकण्याची वाट मोकळी ठेवतं. पॅरिसच्या त्या काफेत पैसे मोजून मिळे ती तालीम हीच.

एकच गोष्ट मला खटकते आणि ती इथे स्पष्ट सांगतो. मुलं या यंत्रांशी एक किंवा तीन मिनिटांचे डाव खेळतात, एका बैठकीत वीस-वीस. त्यात बोटं तयार होतात, डोकं नाही. आनंद इस्कियात जिंकला तो दोन तासांच्या डावांत.

तेव्हा सौंदड, सडक अर्जुनी, देवरी, मोरगाव अर्जुनीच्या पालकांना आणि शिक्षकांना विनंती आहे. मुलाला वजीर उतरवलेल्या यंत्रापासून सुरुवात करू द्या. दहापैकी सहा-सात डाव जिंकू लागला की हत्तीवर या, मग घोड्यावर. वेळ पंधरा मिनिटं अधिक दहा सेकंदांपेक्षा कमी ठेवू नका. लीला तेवढा वेळ द्यायला तयार नसेल तर लिचेसवरच पट हाताने मांडा, यंत्राचा घोडा काढून टाका आणि तिथल्या स्टॉकफिश या यंत्राशी घड्याळाशिवाय खेळू द्या. दिवसाला असा एक डाव पुरे. डाव संपल्यावर पोराला एवढंच विचारा की घोडा जास्त असताना तू मारामारी कुठे टाळलीस, आणि का.